सगळे उजवे हात

साल १९६७. त्या वर्षीच्या जून महिन्यात एका छापखान्याच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. मी एक चित्रवही. आता माझ्या पुठ्ठ्याचे कोपरे फुटले आहेत, पाठीवरचे कापड विरले आहे आणि मला उघडले की आधी कुबट वास येतो, मग चित्रे दिसतात. शिवण मात्र अजून शाबूत आहे. ज्याने मला शिवले त्याचा हात फार चांगला होता. पुढे त्याच्याविषयी मला कडू बोलावे लागणार आहे, म्हणून ही गोष्ट आधीच सांगून टाकते.

तो बाइंडर होता. छापखान्यात प्रत्येक कामाला चार कागद जास्तीचे काढतात. काम संपले की उरलेले कोरे कागद फडताळात पडून राहतात. मालकाला विचारून त्याने ते कागद घेतले आणि सोळा सोळा पानांच्या बारा घड्या करून मला शिवले. म्हणून माझी काही पाने पांढरी आहेत, काही पिवळसर आणि काही जाड, निळसर. एकूण पाने एकशे ब्याण्णव. शेवटच्या घडीला दोऱ्याची गाठ मारताना तो शेजारच्या, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला म्हणाला होता, “पोरासाठी आहे. यंदा चित्रशाळेनं परत पाठवला. म्हणाले, हात बरा आहे, पण माणूस काढता येत नाही. वर्षभर सराव करून वही घेऊन ये.”

या पोराला घरात थोरला म्हणत. वय एकोणीस. मित्रांनो, त्याला काहीच येत नव्हते असे मी म्हणणार नाही. अक्षर तर असे सुरेख, की दुकानदार त्याच्याकडून पाट्या रंगवून घेत. तांब्या, खुर्ची, कंदील हेही तो झकास काढायचा. या वस्तू हलत नाहीत आणि त्यांना गुडघे नसतात. माणूस आला की त्याची पेन्सिल अडखळायची. मी हातात पडले त्या दिवशी त्याने काय केले असेल? माझ्या पुठ्ठ्यावर आपले नाव काढले. दुपारभर बसून, सावली देऊन, मोठ्या डौलात. मग जून आणि जुलै मिळून त्याने माझी नऊ पाने भरली. दहाव्या पानावर एका नाकाची सुरुवात केली आणि ते नाक तिथेच सोडून तो पाट्या रंगवायला निघून गेला.

त्यानंतर मी खिडकीखालच्या पेटीवर पडून होते. माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत. एकदा कुणीतरी चहाचा कप ठेवला, त्याचे वर्तुळ अजून माझ्या अंगावर आहे.

त्या घरात आणखी तीन माणसे होती. आई, म्हणजे बाइंडरची बायको. आत्या, म्हणजे त्याची धाकटी बहीण. ती लग्न न करता भावाकडेच राहायची आणि मोठ्या दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात प्लास्टर घालायचे काम करायची. आणि थोरल्याच्या पाठची मुलगी, वय सोळा. तिला सगळे डावरी म्हणत. शाळेत पट्ट्या खाऊन खाऊन तिने लिहायला उजवा हात लावून घेतला होता. अक्षर तेवढे उजव्या हाताने आणि बाकीचे सगळे डाव्याने, अशी तिने आपल्या दोन हातांची वाटणी केली होती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीचा एक दिवस. आत्या कामावरून चारला घरी आली, पाय स्टुलावर टाकून बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. डावरी शाळेतून येऊन खिडकीत बसली होती. तिने कपड्यांखालून मला ओढले, थोरल्याचे अर्धवट नाक उलटून पुढचे कोरे पान काढले आणि डाव्या हातात पेन्सिल धरून आत्याचा पाय काढला.

काय सांगू. विटेला पाच शेंगदाणे चिकटवावेत तसा तो पाय. आत्याने डोळे उघडले, मान वाकडी करून बघितले आणि म्हणाली, “असा पाय वॉर्डात आला असता तर मी नोकरी सोडून पळाले असते.”

डावरीला हसू आले. तिने रबर उचलले. आत्याने तिच्या हातावर हात ठेवला.

“खोडायचं नाही. आमच्याकडं केसपेपरवर काही चुकलं तर खोडत नाहीत. एक रेघ मारतात आणि शेजारी बरोबर ते लिहितात. मागून येणाऱ्याला कळायला हवं ना, काय चुकलं होतं ते.”

डावरीने शेंगदाण्यांच्या पायावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी दुसरा पाय काढायला घेतला. कोपऱ्यात तारीख घातली. केसपेपरवर तारीख असतेच, असे आत्याचे म्हणणे पडले. रेघ मारायची, शेजारी पुन्हा काढायचे, पान फाडायचे नाही आणि तारीख घालायची. त्या दिवसापासून माझ्यासाठी एवढेच नियम झाले.

आत्या चित्रकार नव्हती. तिला सरळ रेघही ओढता येत नसे. पण वीस वर्षे मोडलेली माणसे तिच्या हाताखालून गेली होती. “मांस नंतर,” ती म्हणायची. “आधी सांधा कुठं आहे ते शोध. माणूस सांध्यात वाकतो, तुझा मधेच वाकलाय. याला काय रबराची नळी समजलीस?” ती डावरीला स्वतःच्या अंगावर हाडे शोधायला लावायची. कोपराखाली दोन हाडे असतात. तळहात वर असताना ती शेजारी शेजारी असतात. हात पालथा केला की एक दुसऱ्यावरून ओलांडून जाते. ‘दाबून बघ. कळलं? आता काढ.’ गळ्याच्या खळगीपासून खांद्यापर्यंत जाणारे हाड बोटाने चाचपायचे. हात वर उचलला की तेही उचलते, पाठीवरचे खांद्याचे पाते सरकते. एका पायावर भार देऊन उभे राहिले की त्या बाजूचा खुबा वर जातो आणि खांदा खाली येतो. आत्या हे सगळे घरभर चालून, वाकून, लंगडून दाखवायची. आई म्हणायची, “दोघींचं काय चाललंय? वेड लागलंय घराला.”

रोज संध्याकाळी पाच ते सहा खिडकीत चांगला उजेड असायचा. तेवढाच वेळ. एक पान. पानावर पाच हात आणि एक अख्खा माणूस. हात दुसऱ्या कुणाचा मागायचा? समोर होता तोच. डावा हात पेन्सिल धरायचा आणि उजवा समोर बसायचा. कधी पेला धरून, कधी मूठ मिटून, कधी खिडकीच्या गजावर लोंबकळत. लहानपणी दाराच्या बिजागरीत सापडून या उजव्या हाताची करंगळी मोडली होती. आत्यानेच ती बांधली, तरी एवढीशी बाहेरच्या बाजूला वाकडी राहिली. आत्याला त्याची रुखरुख होती. डावरीने ती वाकडी करंगळी प्रत्येक वेळी वाकडीच काढली.

ऑक्टोबरमधले हात कापूस भरलेल्या हातमोज्यांसारखे आहेत. नोव्हेंबरात मनगट आले. डिसेंबरात बोटे वेगवेगळ्या लांबीची झाली. आधी सगळी एका मापाची होती, कुणी कात्रीने कापल्यासारखी. जानेवारीत तिने स्वतःकडे रोखलेले बोट काढायला घेतले. असे बोट दिसते आखूड, पण मन म्हणते ते लांब आहे. मन काढायचे की दिसते ते काढायचे, यात अकरा दिवस गेले. माझ्या त्या अकरा पानांवर चौपन्न रेघा आहेत. बाराव्या दिवशी बोट कागदातून बाहेर आले. डावरीने मला आत्यापुढे धरले. आत्याने मान तिरपी करून बघितले आणि म्हणाली, “याला प्लास्टर घालता येईल.” तिच्याकडून याहून मोठे कौतुक कुणाला मिळाले नव्हते.

फेब्रुवारीत माणसे आली. बसथांब्यावर उभी असलेली, एका मिनिटात काढलेली, डोक्याऐवजी नुसते अंडे असलेली. पण कुणाचा भार कोणत्या पायावर आहे ते कळायचे. जमिनीवर बसून भाजी चिरणारी आई आली. मार्चच्या पंधरा तारखेला टेबलावर वाकून शिवणारा बाइंडर आला. मागून काढलेला. सदऱ्याखाली पाठीचा कणा कुठून कुठे जातो आणि उजवा खांदा वर्षानुवर्षे सुई ओढून कसा पुढे आला आहे, ते सगळे त्या चित्रात आहे. बाइंडरने ते बघितले. आपली पाठ माणसाला कधी दिसत नाही. तो म्हणाला, “एवढा वाकलो मी?”

थोरल्याने हे सहा महिने सगळे बघितले होते. सुरुवातीला म्हणालाही होता, “भर की. मला काय.” पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चित्रशाळेत मुलाखत होती. त्यानंतर वयाची अट आड येणार होती, ही शेवटचीच संधी. वर्षभराच्या सरावाची वही घेऊन ये, असे सांगितले होते, आणि त्याच्या सरावाची पाने होती नऊ.

एकतीस मार्चला दुपारी, आत्या कामावर असताना, त्याने मला पेटीवरून उचलले. डावरी म्हणाली की अजून एक पान राहिले आहे, आजचे. तो म्हणाला राहू दे. मग वाद झाला. मला त्यातले सगळे आठवत नाही, आठवायचेही नाही. त्याचे एक वाक्य तेवढे माझ्या पुठ्ठ्यात मुरले आहे.

“वही माझी आहे. नाव बघ कुणाचं आहे. तुझी चित्रं माझ्या वहीत आहेत, माझी तुझ्या वहीत नाहीत.”

आई भांडी पुसत होती. ती शांतपणे म्हणाली, “जाऊ दे गं. तुझ्या हातात आहे ते कुणी काढून घेतंय का?”

बाइंडरने बराच वेळ घेतला. तो वाईट माणूस नव्हता, म्हणून तर वेळ लागला. शेवटी तो डावरीकडे न बघता म्हणाला, “यंदा त्याचं होऊ दे. त्याला पुन्हा संधी नाही. तुझं पुढच्या वर्षी करू. मी तुला दुसरी शिवून देतो, याहून चांगला कागद. तुला काय, तू परत भरशील.”

डावरीने मला त्यांच्या हातात दिले नाही आणि ओढूनही धरले नाही. ती उठून खिडकीत जाऊन बसली. माझे एकशे ब्याण्णवावे पान कोरे राहिले.

मुलाखतीच्या दिवशी थोरला आत गेला. बाइंडर आणि डावरी बाहेरच्या बाकावर बसले. पुढच्या वर्षी तुला इथेच यायचे आहे, इमारत बघून ठेव, असे सांगून बाइंडरने तिला बरोबर आणले होते. आतल्या टेबलाशी तिघे परीक्षक होते. मी गेले त्यांच्यातल्या एका बाईंच्या हातात. जाड चष्मा, बोटांना कोळशाची काजळी. माणसाचे शरीर काढायला त्याच शिकवत. त्या फार सावकाश पाने उलटत होत्या. शेंगदाण्यांच्या पायाला त्या हसल्या. चौपन्न रेघांची अकरा पाने त्यांनी एकेक करून पाहिली. बाराव्या दिवसाच्या बोटावर त्यांचे बोट येऊन थांबले. सहा महिन्यांत कुणी माझ्याकडे इतके नीट बघितले नव्हते. मी मनात म्हटले, आता कळेल.

त्यांनी थोरल्याला विचारले, “या रेघा कशासाठी?”

“चुकलं होतं म्हणून.”

“मग खोडलं का नाहीस?”

थोरल्याला ते माहीतच नव्हते. तो त्या वेळी पाट्या रंगवत होता.

बाई पुन्हा मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. मग त्यांनी आपला स्वतःचा हात टेबलावर पानाशेजारी ठेवला.

“सगळे उजवे हात आहेत,” त्या म्हणाल्या. “आठशे-नऊशे तरी असतील. एकही डावा नाही. तू कुठल्या हातानं काढतोस?”

“उजव्या.”

“मग हा हात कुणाचा?”

मित्रांनो, एका माणसाचे खरे एवढे जवळ येते आणि मग परत जाते. थोरल्याने घाम पुसला आणि म्हणाला, “बहिणीचा. ती बसते, मी काढतो. बाहेर आहे ती.”

बाईंनी दोघांना आत बोलावले. डावरीला म्हणाल्या, “बघू हात.” तिने उजवा हात पुढे केला. बाईंनी त्याची करंगळी पाहिली, माझ्या पानावरची करंगळी पाहिली. तीच, तेवढीच वाकडी. मग त्यांनी बाइंडरकडे पाहिले.

“वही तुम्ही शिवलीत म्हणे. छान शिवलीय. आणि ही चित्रं? तुमचा मुलगा म्हणतो, ही बसायची आणि तो काढायचा. खरं ना?”

बाइंडरने माझ्याकडे पाहिले. मी पंधरा मार्चच्या पानावर उघडी होते, त्याची पाठ वर होती.

तो म्हणाला, “हो.”

बाई समाधानाने मागे टेकल्या. त्यांनी डावरीला विचारले, इतका वेळ बसून कंटाळा येत नाही का. डावरी नाही म्हणाली. “चिकाटी आहे तुझ्यात,” बाई म्हणाल्या, “स्थिर बसणारं माणूस मिळत नाही. भावाला नशीबवान म्हणायला हवं.” डावरीने डावा हात पाठीमागे धरला होता. त्या हाताची करंगळीकडची कड शिशाने काळी होती, सहा महिन्यांची. डावरा माणूस काढत जातो तसा त्याचा हात आपल्याच रेघांवरून घासत जातो. तो हात बघायचे बाईंच्या मनातही आले नाही.

थोरल्याला प्रवेश मिळाला.

आत्याला हे संध्याकाळी कळले. तिने चहा घेतला नाही. भावाला एवढेच म्हणाली, “वही शिवता शिवता स्वतःचं तोंडही शिवून घेतलंस, भाऊ.” मग महिनाभर ती त्याच्याशी बोलली नाही. एका घरात, दोन खोल्यांत महिनाभर न बोलणे सोपे नसते. तिने ते करून दाखवले.

मला चित्रशाळेच्या दारातल्या काचेच्या कपाटात ठेवले. खाली चिठ्ठी होती, ‘नियमित सरावाचा नमुना’, आणि थोरल्याचे नाव. नवी मुले माझ्यापुढे उभी राहायची. कुणी म्हणायचे, बघ, रोजची तारीख आहे. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात कौतुकाचा काळ, आणि त्यातला एक दिवसही मला गोड लागला नाही.

आत वर्गात थोरला खऱ्या माणसासमोर बसत होता. दोन महिन्यांतच जाड चष्म्याच्या बाईंना कळले. त्यांना कळले हे मला कसे कळले? एके दिवशी त्यांनी कुलूप उघडून मला बाहेर काढले, पुन्हा एकदा उजवे हात पाहिले, पेन्सिलीच्या तिरक्या छटा कोणत्या बाजूला झुकल्या आहेत ते पाहिले, आणि चिठ्ठी चुरगाळली. थोरल्याला बोलावून त्यांनी मला त्याच्या हातात दिले. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर त्यांची निवड चुकली होती हेही सांगावे लागले असते. पुढच्या आठवड्यात थोरल्याची अक्षरांच्या वर्गात बदली झाली.

सुट्टीत तो मला घेऊन घरी आला. बाइंडरने शब्द पाळला होता. टेबलावर दुसरी वही होती, एकसारख्या पांढऱ्या कागदाची, कापडी पाठीची, पुठ्ठ्यावर नाव नसलेली. डावरीने तिची तीन पाने भरली होती. मी पाहिली. माझ्या शेवटच्या पानापेक्षाही ती पुढे गेली होती. पेला धरलेला हात होता, आणि पेल्यात पाणी आहे हे बोटांच्या ताणावरून समजत होते.

थोरल्याने ती पाने बघितली. मग म्हणाला, तिथे दरवर्षी अशी एक वही द्यावी लागते, सगळ्या विद्यार्थ्यांना. यंदाचीही द्यायची आहे. तो अवघडून, हळू आवाजात बोलत होता. पण बोलला.

डावरीने बापाकडे पाहिले. बाप दोऱ्याला मेण लावत होता. त्याने मान वर केली नाही.

“दरवर्षी?” तिने विचारले.

“चारच वर्षं गं,” थोरला म्हणाला.

तिने पेन्सिल वहीच्या मधोमध ठेवली, वही मिटली आणि बापाच्या टेबलावर ठेवून दिली. “मला येत नाही,” ती म्हणाली. त्यानंतर तिने चित्र काढले नाही. आत्याने समजावले, चिडली, एकदा रडलीसुद्धा. “त्याला देऊ नकोस, पण स्वतःसाठी तरी काढ,” म्हणाली. डावरी म्हणाली, “या घरात स्वतःसाठी काही काढता येत नाही, आत्या.” पुढच्या वर्षी चित्रशाळेचा अर्ज भरायचा होता. कुणी विषय काढला नाही आणि तिनेही आठवण दिली नाही. त्या चांगल्या कागदाच्या वहीचे पुढे काय झाले, मला माहीत नाही.

आता कोणाचे काय झाले ते सांगते.

आईला आपण काही चूक केली असे शेवटपर्यंत वाटले नाही. आलेल्या-गेलेल्याला ती सांगायची, आमच्या थोरल्याला वहीवर प्रवेश मिळाला. बाइंडर अठ्ठ्याहत्तर साली गेला. शेवटच्या आजारपणात तो थोरल्याला म्हणे, ती वही आण. मग पंधरा मार्चचे पान उघडून नुसता पडून राहायचा. डावरी औषध द्यायला आली की मला मिटून उशीखाली सारायचा. माफी मागणे त्याला जमले नाही. जाड चष्म्याच्या बाई निवृत्त होऊन कुठे गेल्या, कळले नाही. आत्याने नोकरी सोडण्याआधी डावरीला आपल्या हाताखाली लावून घेतले.

थोरला शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला. तीस वर्षे शिकवले त्याने, आणि गंमत बघा, चांगले शिकवले. दरवर्षी जूनमध्ये तो मला वर्गात न्यायचा. “रोज एक पान. रबर नाही. चुकलं तर रेघ मारा आणि शेजारी पुन्हा काढा. आधी सांधा शोधा, मांस नंतर.” आत्याचे शब्द, डावरीचा हात, पुठ्ठ्यावर त्याचे नाव. मुले शिकली. त्यातली दोघे-तिघे पुढे नावारूपाला आली असे ऐकते. मग एका वर्षी पुढच्या बाकावरची एक मुलगी माझ्यावर वाकली. पेन्सिल तिच्या डाव्या हातात होती. ती म्हणाली, “सर, तुमच्या छटा माझ्यासारख्या उलट्या आहेत. तुम्ही डावखुरे होतात?”

“लहानपणी होतो,” थोरला म्हणाला. “मग सवय मोडली.”

त्या दिवसानंतर त्याने मला वर्गात नेले नाही. घरी कपाटाच्या तळाला जुन्या प्रश्नपत्रिकांखाली ठेवले. तिथे मी एकवीस वर्षे होते. कसर लागली, ओल आली. दोनदा त्याने मला बाहेर काढले, चपला घातल्या, दारापर्यंत गेला आणि परत येऊन मला होते तिथे ठेवले. बहिणीचे घर चालत दहा मिनिटांवर होते. गेल्या वर्षी तो वारला.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे मागणे मोठे नाही. जुनी वही सापडली तर रद्दीत घालू नका, हे तर कुणीही सांगेल. मी एवढेच म्हणते, पुठ्ठ्यावरचे नाव वाचून थांबू नका. आत बघा. कोणता हात काढला आहे आणि कोणता कधीच काढलेला नाही, ते बघा. आणि तुमच्या घरात रोज खिडकीत बसून कुणी पान भरत असेल, तर ‘तुला काय, तू परत भरशील’ असे तिला म्हणू नका.

आता डावरीचे सांगायचे राहिले.

आत्यानंतर तिने चौतीस वर्षे प्लास्टर घातले. तिने बांधलेले हाड वाकडे जुळले नाही, असे वॉर्डात म्हणत. लहान मुले ओल्या प्लास्टरवर बोट ठेवून तिला म्हणायची, यावर काहीतरी चित्र काढा ना. ती म्हणायची, “मला येत नाही, बाळा.” दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला आणि डावी बाजू गेली. तो हात आता मांडीवर पडलेला असतो, बोटे आत वळलेली.

थोरल्याची बायको कपाट आवरत होती, तेव्हा मी सापडले. भली बाई आहे. ती मला पिशवीत घालून डावरीकडे घेऊन आली आणि म्हणाली, “यांच्या सरावाची वही. तुम्ही बसायचात ना यांच्यासाठी, ते नेहमी सांगायचे. म्हणून म्हटलं, तुमच्याकडं असू दे.”

डावरी म्हणाली, “हो. ठेवा.”

वहिनी गेल्यावर तिने मला उघडले. विटेचा पाय, चौपन्न रेघा, आत्याचे गुडघे, बापाची पाठ. कुठेही फार रेंगाळली नाही. शेवटच्या कोऱ्या पानाशी येऊन थांबली. पेन्सिल शोधायला तिला बराच वेळ लागला. ती तिने उजव्या हातात धरली. या हाताला फक्त लिहिता येते. तारीख घालायला त्याला अडचण आली नाही.

मग तिने मांडीवरचा डावा हात काढायला घेतला. माझ्या एकशे ब्याण्णव पानांतला पहिला डावा हात. अंगठा चुकला, मनगट हातमोज्यासारखे झाले, आत वळलेली बोटे शेंगदाण्यांसारखी आली. तिने बघितले. रबर मागितले नाही. एक आडवी रेघ मारली आणि शेजारी पुन्हा काढला.

दुसराही चुकला. पहिल्याहून थोडा कमी.